मोडेमचा होकार

आमच्या घरातलं इंटरनेट बंद पडलं, त्यात तारेचा, वाऱ्याचा किंवा टेलिफोन खात्याचा काही दोष नव्हता. ते एका प्रवचनामुळे बंद पडलं.

माझी बायको चंदना पर्युषण पर्वात सांगलीला माहेरी गेली होती. तिथल्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, तिनं महाराजांचं प्रवचन ऐकलं. विषय अचौर्य. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली की ती चोरीच, मग ते सुपारीचं खांड का असेना. कराडला परत आल्यावर तिनं पिशवी खाली ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता विचारलं, "अहो, आपल्या कॉम्प्युटरमध्ये जे काही भरलंय, ते विकत घेतलंय ना?"

मी विमा कंपनीत अधिकारी आहे. लोकांना अवघड प्रश्न विचारायची मला सवय आहे, उत्तरं द्यायची नाही.

"विकत म्हणजे... दुकानदारानं घालून दिलंय."

"त्याचे पैसे दिले?"

"कॉम्प्युटरचे दिले की."

"आतल्याचे?"

मी पंख्याकडे बघायला लागलो. "अगं, सगळे असंच करतात."

"सगळे करतात म्हणूनच महाराजांना प्रवचन करावं लागतं," चंदना म्हणाली आणि कॉम्प्युटरवर कापड टाकून आत गेली. त्या दिवसापासून ती त्या खोलीत केरसुणीसुद्धा फिरवेना. चोरीच्या मालाची झाडलोट म्हणजे चोरीला अनुमोदन, असं तिचं म्हणणं.

इथे माझं नाव सांगून टाकतो, कारण पुढे त्याचा घोटाळा होणार आहे. माझं नाव अतिशय. अतिशय मगदूम. आमच्या आण्णांनी अतिशय क्षेत्राची, म्हणजे चमत्कार घडलेल्या तीर्थाची, यात्रा करून आल्यावर मोठ्या भक्तीनं ते ठेवलं. सांगलीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण कृष्णेच्या काठाने थोडं वर सरकलं, की "मी अतिशय" म्हटल्यावर माणसं पुढच्या शब्दाची वाट बघत थांबतात.

तर ऑफिसात मी ही अडचण जोतीरामला सांगितली. जोतीराम आमच्या शाखेतला कॉम्प्युटरचा जाणकार, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो सगळ्यांच्या आधी उठतो. तो म्हणाला, "साहेब, लिनक्स घाला. फुकट आहे. चोरीचं नाही बरं का. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगून ठेवलंय, घ्या, वापरा, उघडून बघा, दुसऱ्याला द्या." दुसऱ्या दिवशी त्यानं एका मासिकाबरोबर आलेली सीडी आणून दिली.

मी ते सगळं चंदनाला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे हे शास्त्रदान झालं की हो!" असं म्हणून तिनं सीडीवर अक्षता वाहिल्या. त्यातला एक दाणा सीडीबरोबर आत गेला, आणि आमचं यंत्र पुढचा तासभर जात्यासारखं घरघरत राहिलं. पण लिनक्स बसलं. पडदा सुंदर दिसत होता, गाणी वाजत होती, पत्ते खेळता येत होते. एक मोडेम तेवढा बोलेना.

मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारी डबी. आमची डबी पोटातली होती आणि स्वस्तातली होती. मागाहून असं कळलं, की या स्वस्त डब्यांचं अर्धं डोकं डबीत असतं आणि अर्धं त्या जुन्या सिस्टीममध्ये. म्हणजे चोरीचा माल घरातून घालवला तेव्हा मोडेमचं अर्धं डोकंही त्याच्याबरोबर गेलं होतं. त्याला नवं डोकं बसवायचं, तर ड्रायव्हर लागणार. ड्रायव्हर मिळणार इंटरनेटवर. आणि इंटरनेट चालू होणार ड्रायव्हर बसल्यावर. हे मी चंदनाला तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा माझं मलाच ते समजेना.

एरवी मी नाद सोडला असता. पण चंदनाच्या भावाला मस्कतमध्ये मुलगी झाली होती आणि त्यानं तिचा फोटो ईमेलनं पाठवला होता. "सायबर कॅफेत जाऊन बघू या," असं मी म्हणालो. चंदना म्हणाली, "भाचीचं पहिलं दर्शन तिथं घ्यायचं? शेजारी पोरं गोळीबाराचे खेळ खेळत असताना?" शिवाय कॉलनीत मी बोलून बसलो होतो, की आपण मुक्त प्रणालीवर गेलोय, आता मागे हटणे नाही. अशी वाक्यं बोलायला सोपी जातात.

आमचे शेजारी नानासो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. कॅनॉलचं पाणी आयुष्यभर सोडल्यामुळे, कुठलीही अडलेली गोष्ट म्हणजे गाळ साचलेला असतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी आधी फोनची तार फुंकून बघितली. मग कॉम्प्युटर उताराकडे तोंड करून ठेवायला लावला. मग "अतिशयराव, ड्रायव्हर मिळत नाही म्हणताय ना? बघतो मी," असं म्हणून ते गेले. दोन दिवसांनी दहिवडीचा एक मिशाळ गृहस्थ लायसन घेऊन दारात उभा. मुंबईला ट्रेलर चालवायचा, आता गावाजवळ काम बघत होता. चहा पिता पिता त्यानं माझी सगळी अडचण शांतपणे ऐकून घेतली आणि उठताना म्हणाला, "मालक, इंजान एकाचं, चेसी दुसऱ्याची. आसल्या गाडीवर मी बसत न्हाई."

मग मी कॅफेतून फ्लॉपीवर ड्रायव्हर आणला. घरी आल्यावर लिनक्स म्हणालं, हा ड्रायव्हर कच्चा आहे, इथेच शिजवून घ्यावा लागेल. शिजवायला घेतला तर म्हणालं, भांडी नाहीत. भांडी आणली तर म्हणालं, ही भांडी मागच्या आवृत्तीची आहेत. कॅफेवाला मला दुरून बघूनच खुर्ची पुसायला लागला. ऑफिसात लोकांचे विमादावे अडून राहिले आणि मी फायलीच्या मागे कसल्यातरी इंग्रजी सूचनांच्या छापील प्रती वाचत राहिलो.

शेवटी एका रविवारी ड्रायव्हर शिजला. इंटरनेटला लावायचा कराडचा नंबर जोतीरामनं एका पाकिटाच्या पाठीवर लिहून दिला होता, तो मी घातला. पूजा, आंघोळ उरकून सकाळी दहाला बसलो. मोडेमच्या किंकाळ्यांनी कुणाला त्रास नको, म्हणून सूचनांमध्ये बघून त्याचा आवाज आधीच बंद करून टाकला. बटण दाबलं. यंत्र फोन लावतंय असं दिसलं. मिनिटभर काहीच नाही. मग पडद्यावर अक्षरं उमटली: नो कॅरिअर. म्हणजे पलीकडून जोडून घ्यायला कुणी नाही.

यंत्र चिकाटीचं होतं. त्यानं आपणहून पुन्हा फोन लावला. पुन्हा नो कॅरिअर. जेवायची वेळ होईपर्यंत हेच.

पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. आठवडाभर मी ड्रायव्हर नव्यानं शिजवायचा, रविवारी दहाला बसायचं, आणि यंत्रानं मला तोंडावर सांगायचं, नो कॅरिअर. इतकी वर्षं इमानदारीनं नोकरी केलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. नानासोंना वाटलं सायकलच्या कॅरिअरबद्दल बोलणं चाललंय. ते म्हणाले, "बसवून घ्या की मग. केवढ्याचं काम ते!" चंदना स्वयंपाकघरातून म्हणायची, "सावकाश होऊ दे. भाची चालत आली की दाखवा फोटो."

एका रविवारी नानासो शेजारी खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "तुम्ही त्याचं तोंड दाबून धरलंय, आणि म्हणताय त्याला होतंय काय. दुखणेकऱ्याला आधी बोलू द्यावं."

मला ते पटलं. आयुष्यात नानासोंचं पटलेलं ते एकच म्हणणं. मी आवाज सुरू केला.

आधी नंबर फिरल्याचा टिकटिकाट झाला. मग पलीकडे घंटी वाजू लागली. मग कुणीतरी फोन उचलला आणि कॉम्प्युटरच्या पोटातून खणखणीत आवाज आला:

"हॅलोऽऽ! सयाजी? बोल रं बाळा!"

नानासो खुर्चीतून उठून उभे राहिले. मोडेम आपल्या रीतीप्रमाणे म्हणाला, "टीं."

"आलं बग! न्हाई बोलू देत तुमाला तिकडं फौजेत, ठावं हाय मला. तू आपलं हूं म्हन, मला समदं कळतंय. जेवलास का?"

मोडेम थांबला आणि म्हणाला, "टीं."

"ग्वाड वाटलं. आता ऐक. मागल्या ऐतवारी तुला पोरीचं इचारलं, बाळासोच्या शिवांजलीचं. तू हूं म्हनलास. मी म्हनलं, लाजून म्हनतोय का मनापास्नं म्हनतोय? परत इचारलं. परत हूं म्हनलास. मग दिला मी बाळासोला सबूद. येत्या ऐतवारी सुपारी फोडायची. हाय न्हवं कबूल?"

मी हात पुढे केला, पण कुठलं बटण दाबायचं ते सुचेना. मोडेम म्हणाला, "टीं."

"शाना माझा लेक!" ती बाई म्हणाली. तेवढ्यात यंत्राचं मिनिट भरलं आणि फोन कट झाला. पडद्यावर आलं, नो कॅरिअर. आणि यंत्रानं लगेच परत फोन लावला.

"कट झालं हुतं बग," पोटातून आवाज आला. "हां, तर म्हशीचं सांगत हुते मागल्या बारीला..."

चंदना पोळीचं लाटणं हातात घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही कुणाचं तरी लग्न ठरवलंत!"

मी तार मोडेममधून काढून टेलिफोनला लावली आणि जोतीरामला फोन करून विचारलं, की पाकिटावरचा शेवटचा आकडा नऊ ना? "एक आहे तो, साहेब," जोतीराम दुखावल्या आवाजात म्हणाला. "वळण दिसत नाही का?" वळण मी पुन्हा पुन्हा बघितलं. ज्या माणसाचा एक असा, त्याचा नऊ कसा असेल ते मला बघायचं आहे.

मग मी तोच चुकीचा, नऊचा नंबर फिरवला.

"नमस्कार. मी अतिशय—"

"अतिशय काय?"

"अतिशय हे नाव आहे माझं. मला सांगायचंय की—"

"फोन ठिवा आधी! माझ्या लेकाचा फोन यायचाय." खाडकन फोन ठेवला गेला.

आठवडाभर मी रोज प्रयत्न केला. माणसाचा आवाज ऐकला की ती ठेवून द्यायची. यंत्राशी तासन् तास बोलणारी बाई, माझ्याशी एक वाक्य बोलायला तयार नव्हती. चंदना म्हणाली, "तुम्ही टीं म्हणून बघा." मी ते मनाला लावून घेतलं.

शेवटी टेलिफोन ऑफिसात गेलो. तिथे भाऊसो नावाचे साहेब होते. त्यांना म्हणालो, एका नंबराचा पत्ता हवाय.

"काय, त्रास देतायत का फोन करून?"

"हो."

"कोण?"

"मी."

भाऊसोंनी चष्मा काढला. "त्रास तुम्ही देताय, आणि तक्रार करायला पण तुम्हीच आलाय?"

"तसंच काहीसं."

"असा अर्ज नसतो. ज्याला त्रास होतो त्यानं यायचं. त्याला बोलवा."

"त्याला बोलवायलाच पत्ता पाहिजे."

"आणि पत्ता द्यायला त्याची तक्रार पाहिजे." भाऊसोंना माझी कीव आली असावी. त्यांनी नंबर बघितला मात्र, आणि ते ताठ बसले. "थांबा. ही उंब्रजची चंद्राबाई! दर सोमवारी तक्रार असते हिची. लेकाचा फोन येतो, पण नुसतं टींटीं ऐकू येतं. आम्ही फोन बदलला. तार बदलली. परवा खांब बदलला! तो आवाज तुम्ही आहात?"

"मी नाही, माझा मोडेम," मी म्हणालो. पण त्या खांबाकडे बघून कुणाला हा फरक पटला असता असं वाटत नाही. पत्ता तक्रारवहीत नव्हे, भाऊसोंना तोंडपाठ होता. पोस्टाच्या मागं, निळं दार.

रविवारी सकाळी चंदनाला मागे बसवून मी स्कूटरवर उंब्रजला निघालो. वाटेत भाषण पाठ करत होतो. निळ्या दारासमोर मांडव होता. सतरंज्या पसरल्या होत्या, फेटे बांधलेली माणसं बसली होती, आणि मधोमध तबकात सुपारी. बाजूच्या स्टुलावर लोकरीच्या विणलेल्या कापडाखाली टेलिफोन ठेवला होता. त्याला हार घातला होता.

मी पाठ केलेलं भाषण विसरलो.

"या, या," एक ठसठशीत बाई पुढे आली. हाच तो आवाज. "मुलीकडचं न्हवं का तुमी?"

"नाही मावशी. मी अतिशय मगदूम."

"अतिशय दमल्यात," ती मांडवाकडे वळून म्हणाली. "पानी आना!"

पाणी आलं, चहा आला, पोहे आले. पोह्यांत कांदा होता आणि चंदनाचा नेम होता, तेव्हा तिचे पोहेही मलाच संपवावे लागले. प्रत्येक घासाला माझा धीर कमी होत गेला. शेवटी चंदनानंच मला कोपरानं ढोसलं आणि मी उभा राहिलो.

"मावशी, तो दर रविवारचा फोन सयाजीचा नव्हता. माझ्या कॉम्प्युटरचा होता. नंबर चुकला होता."



"मग हूं कोन म्हनत हुतं?" चंद्राबाईनं विचारलं.

"मोडेम."

"त्यो कुठल्या गावचा?"

मी शक्य तितकं समजावलं. पुढच्या रांगेतून मुलीचे वडील, बाळासो, उठले. पूर्वी पैलवान असावेत. "म्हंजे आमच्या पोरीला होकार एका डबीनं दिलाय?"

यावर जी चर्चा झाली, ती आमच्या कंपनीच्या मंडळातही कधी झाली नसेल. एका आजोबांचं म्हणणं पडलं, की होकार आला तो आला, कुणाच्या तोंडून आला ते बघायचं नसतं. दुसरे म्हणाले, मग त्या डबीलाच बोहल्यावर उभी करा. एकानं मला शांतपणे विचारलं, की डबी कधी नाही म्हणते का? मी खरं ते सांगितलं, की तिला नाही म्हणताच येत नाही. बाळासो बाह्या सरसावत होते. चंदना माझ्या पुढे येऊन उभी राहिली, हे मी विसरणार नाही.

आणि टेलिफोन वाजला.

त्या दिवशी आमचा मोडेम बंद होता. रविवारी दहाची लाइन पहिल्यांदाच मोकळी मिळाली होती. चंद्राबाईनं हार बाजूला करून रिसीव्हर उचलला. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता, की सगळ्या मांडवाला ऐकू आलं.

"आये! कुनाशी बोलत असतीस गं एवढी? दर ऐतवारी माझी पाळी येती आनि तुजा फोन एंगेज!"

चंद्राबाईचा चेहरा उजळला आणि लगेच संशयानं आवळला. "तू सयाजीच कशावरनं?"

"आगं आये!"

"हूं म्हनून दाखीव."

"हूं? हूं कशाला?"

"ह्यो न्हवं त्यो," ती मांडवाला म्हणाली. पण मग तो काहीतरी हळू आवाजात बोलला, लहानपणचं काहीतरी असावं, कारण ती पदरानं डोळे पुसायला लागली. "सयाज्या, मी तुजं लगीन ठरीवलंय रं. शिवांजलीशी. तू हूं म्हनला हुतास."

"मी? कवा?"

मांडवातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तबकातल्या सुपारीकडे बघितलं.

तेव्हा समोरच्या घराच्या ओट्यावरून एक मुलगी खाली उतरली. पंजाबी ड्रेस, वेणी, हातात कसलंसं जाड पुस्तक. ती सरळ गल्ली ओलांडून मांडवात आली आणि चंद्राबाईपुढे हात करून म्हणाली, "काकी, द्या जरा इकडं." बाळासो "शिवे!" म्हणून ओरडले, पण तोवर रिसीव्हर तिच्या कानाला लागला होता.

ती पाठ फिरवून बोलत होती. आम्हाला फक्त मधूनमधून "हूं" ऐकू येत होतं. एकदा ती हसली. एकदा म्हणाली, "नाही, तसं नाही." मग आणखी एक लांब "हूं." सगळा मांडव त्या हुंकाराचा अर्थ लावत माना वाकड्या करून बसला होता. तिनं रिसीव्हर खाली ठेवला.

"काय म्हनला?" चंद्राबाईनं विचारलं.

"त्यांना मी विचारलं, तुम्ही होकार दिलाय का. ते म्हणाले, मला कुणी विचारलंच नाही. मी म्हटलं, मलाही नाही विचारलं." तिनं वडिलांकडे बघितलं. "माझं नर्सिंगचं वर्ष राहिलंय. ते झाल्याशिवाय मी काही सांगणार नाही, असं सांगितलं त्यांना. तोपर्यंत रविवारी फोन करू देत. बोलू, बघू."

"आन् त्यो काय म्हनला?"

"हूं म्हणाले." आणि ती आपलं पुस्तक घेऊन परत गल्ली ओलांडून गेली.

बाळासोंच्या बाह्या हळूहळू खाली आल्या. आजोबांनी तबकातली सुपारी उचलून खिशात टाकली आणि म्हणाले, वाया कशाला घालवायची. चहा पुन्हा फिरला.

निघताना चंद्राबाईनं चंदनाच्या ओटीत नारळ घातला. मी परत एकदा हात जोडून माफी मागितली, आमचा नंबर लिहून दिला, काही लागलं तर कळवा म्हणालो. ती त्या कागदाकडे बघत राहिली.

"लेकाचा फोन आला, ग्वाड झालं," ती चंदनाला म्हणाली. "पन त्यो दोन मिन्टात ठिवतो बाय. मागं लाइन असती त्यांच्या. आता तर निम्मा येळ ती शिवी घेनार. तुमचं त्ये येंतर बरं हुतं. समदं ऐकून घ्यायचं."

घरी येऊन मी नंबर दुरुस्त केला. मोडेमनं पहिल्याच फटक्यात किंकाळी फोडली आणि इंटरनेट जोडलं गेलं. भाचीचा फोटो वरून खाली एकेक ओळ उतरला. आधी टोपरं, मग भुवया, मग नाक. ओठ आल्यावर चंदना म्हणाली, "आमच्या आईवर गेलीय," आणि पडद्याला हात लावून रडली.

पुढच्या रविवारी सव्वादहाच्या सुमारास आमचा फोन वाजला. मी उचलला.

"उंब्रजहून बोलतीया. मोडेम हाय का घरात?"

"मावशी, मोडेम फोनवर येत नाही. मी अतिशय बोलतोय."

"तू तर तू. ऐक. म्हस दोन दिस झालं वैरनीला तोंड लावंना. तिच्या डोळ्यातनं पानी येतंय, आन् जावबाई म्हनती नजर लागली..."

"मग जनावरांच्या डॉक्टरला दाखवा ना," मी म्हणालो. "कराडला आमच्या ओळखीचे एक—"

"तू मधी बोलू नगंस," चंद्राबाई म्हणाली. "त्यो बोलत नव्हता."

मी खुर्ची ओढून घेतली. स्वयंपाकघराच्या दारातून चंदना बघत होती.

"तर जावबाई म्हनती नजर लागली. मी म्हनलं, नजर लागाया म्हस हाय का नवरी? खरं का न्हाई?"

"हूं," मी म्हणालो.